अपडेट झालं आणि फोन बसला: रीसेट मारण्याआधी

दर दोन-तीन महिन्यांनी सांगलीहून आत्याचा फोन येतो आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "अरे, ते अपडेट की काय ते झालं रात्री, आणि सकाळपासून हा फोन बसलाय बघ." बसलाय म्हणजे बंद नाही पडलेला. नंबर दाबला की आकडा दोन सेकंदांनी उमटतो, व्हॉट्सअ‍ॅप उघडताना पडदा पांढराच राहतो, कुणाचा कॉल आला तर घंटी वाजत राहते पण उचलायचं हिरवं बटण काही येत नाही. मागच्या खेपेला तर तिने शेजारच्या काकूंच्या मोबाइलवरून कॉल केला.

तोवर गल्लीतल्या दुकानदाराचा सल्ला येऊन पडला होता: रीसेट मारू, म्हणजे फोनमधलं सगळं पुसून तो नव्यासारखा कोरा करू, तीनशे रुपये. आत्या तयारही झाली होती. मी म्हटलं, "आत्या, दोन रात्री काहीही करू नकोस. फोन चार्जिंगला लाव, वायफाय चालू ठेव आणि झोप."

"आणि दिवसा काय करू?"

"दिवसा सोस."

ही टाळाटाळ नव्हती. अपडेटनंतरचा संथपणा दोन जातींचा असतो. एक आपोआप जाणारा, दुसरा आधीपासून होताच पण अपडेटने उघडा पाडला तो. पहिला जाऊ दिल्याशिवाय दुसरा ओळखताच येत नाही. आणि आत्याच्या बाबतीत पहिलाच कधी जात नव्हता. त्याचं कारण कळायला मला तिच्या घरी चार दिवस राहावं लागलं.

अँड्रॉइडवरचं अ‍ॅप प्रोसेसरला थेट कळेल अशा भाषेत येत नाही. त्याचं भाषांतर तुमच्या फोनवर होतं. २०१४ च्या अँड्रॉइड ५ मध्ये हे सगळं भाषांतर आधीच करून ठेवायची पद्धत आली. तेव्हाचा फोन वापरलेल्यांना आठवत असेल, अपडेटनंतर 'ऑप्टिमायझिंग अ‍ॅप ३७ ऑफ ११२' असा आकडा मुंगीच्या पावलांनी पुढे सरकायचा आणि आपण चहा पिऊन परत येऊन बघायचो तर ५२ वर. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून ते बघत बसणं संपलं. फोन लगेच उघडतो. काम मात्र संपलेलं नाही, फक्त मागे ढकललंय. तुम्ही कोणत्या अ‍ॅपचा कोणता भाग वारंवार वापरता याची फोन नोंद ठेवतो आणि तेवढ्या भागाचं भाषांतर सवडीने करून ठेवतो. मोठं अपडेट आलं की खालची सिस्टिमच बदलते, आणि आधी केलेलं बरंचसं भाषांतर बाद होतं. मग ते पुन्हा होईपर्यंत प्रत्येक अ‍ॅप उघडताना फोन उभ्या उभ्या भाषांतर करत असतो. पांढरा पडदा दिसतो तो यातूनच.

शिवाय २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून बऱ्याच फोनमध्ये अपडेट आधी बाजूला उतरवून ठेवतात आणि फोन पुन्हा सुरू झाल्यावर जुन्यात हळूहळू मिसळतात. तेही मागच्या मागे. त्यात प्ले स्टोअरला नव्या सिस्टिमसाठी पंधरा-वीस अ‍ॅप्स अद्ययावत करायची असतात. आयफोनही यातून सुटलेला नाही. अपडेटनंतर तो शोधासाठी सगळ्या मजकुराची नवी सूची बांधतो, फोटोंतले चेहरे पुन्हा चाळतो, आणि त्यामुळे दोन-तीन दिवस गरम होतो, बॅटरी खातो.

आता यातली कळीची अट. ही 'सवडीची' कामं फोन करतो तो चार्जिंगला लावलेला असताना आणि कुणी हात लावत नसताना. दोन्ही एकाच वेळी हवं.

आत्याचा दिनक्रम असा. सकाळी सहाला फोन चार्जिंगला, त्यावर यूट्यूबवर अभंग, ते आठपर्यंत. म्हणजे चार्जिंग आहे पण फोन मोकळा नाही. रात्री फोन उशाशी, पण पिन काढून, कारण "रात्रभर लावला तर फुटतो म्हणे". म्हणजे फोन मोकळा आहे पण चार्जिंग नाही. दोन्ही अटी एकत्र जुळायची वेळच दिवसात येत नव्हती. माझा फोन अपडेटनंतर एका रात्रीत सुधारायचा आणि तिचा तीन-तीन आठवडे रखडायचा, ते का, हे मला त्या उशाशी ठेवलेल्या फोनने सांगितलं. रात्रीची भीती काही जाणार नव्हती, म्हणून आम्ही मधला मार्ग काढला: दुपारी जेवण झाल्यावर ती आडवी होते ते दोन तास. फोन चार्जिंगला, कव्हर काढून, पडदा बंद, गादीवर नाही तर फरशीवर. तिसऱ्या दिवशी हिरवं बटण वेळेवर यायला लागलं.

तर तुमचा फोन अपडेटनंतर संथ झाला असेल तर पहिला प्रश्न स्वतःला हाच विचारा: तो चार्जिंगलाही आहे आणि मोकळाही आहे, अशी वेळ दिवसात कधी येते का? मध्ये एकदा फोन बंद करून चालू करा, प्ले स्टोअरमध्ये जाऊन सगळी अ‍ॅप्स अद्ययावत करून घ्या. हे शेवटचं बिनकामाचं वाटतं, पण दोष कधी कधी फोनच्या अपडेटचा नसतोच. मार्च २०२१ मध्ये 'अँड्रॉइड सिस्टिम वेबव्ह्यू' नावाच्या, इतर अ‍ॅप्सच्या आत वेबपानं दाखवणाऱ्या एका घटकाची आवृत्ती बिघडली आणि जगभर लोकांची अ‍ॅप्स उघडता उघडता बंद पडत होती. गुगलने दुरुस्त आवृत्ती काढली, ती प्ले स्टोअरमधूनच घ्यायची होती. त्या दिवशी ज्यांनी घाईने रीसेट मारले त्यांच्या हाती काय लागलं असेल!

दोन-तीन दिवस असे गेले, तरी फोन रडतोय, तर मग दुसरी जात.

इथे माझा पहिला संशय नेहमी जागेवर, म्हणजे स्टोरेजवर. आत्याचा फोन ६४ जीबीचा. उघडून बघितलं तर रिकामे १.८ जीबी. भरलेल्यातले २३ जीबी एकट्या व्हॉट्सअ‍ॅपचे. भजनी मंडळाचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, माहेरचा, सासरचा, आणि एक 'शुभ सकाळ परिवार' नावाचा, ज्यात ती कशी आली हे तिलाही ठाऊक नाही. एकाच अभिषेकाचा व्हिडिओ चार ग्रुपमधून चारदा.

जागा भरली की फोन हळू का होतो? फोनच्या मेमरीचा स्वभाव असा की लिहिताना तिच्यावर ओळ ओळ लिहिता येते, पण पुसायची तर अख्खी पाटीच पुसावी लागते. पाटीवर कामाच्या चार ओळी उरल्या असतील तर त्या आधी कोऱ्या पाटीवर उतरवायच्या, मग ही पुसायची. कोऱ्या पाट्या भरपूर असतील तर फोन ही उतरवाउतरव निवांत उरकतो. त्या संपल्या की एक फोटो ठेवायचा म्हटला तरी आधी दोन पाट्या हलवाव्या लागतात. स्वस्त फोनमध्ये ईएमएमसी जातीची मेमरी असते, तिला हे ओझं महागड्या फोनमधल्या यूएफएसपेक्षा फार लवकर जाणवतं. अपडेट येतं ते स्वतःची जागा खात येतं, त्यामुळे काठावर असलेला फोन नेमका त्याच रात्री पलीकडे जातो आणि बदनाम अपडेट होतं.

व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये 'स्टोरेज अँड डेटा', त्यात 'मॅनेज स्टोरेज'. तिथे 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स' आणि ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइली असे दोन ढीग वेगळे करून ठेवलेले असतात. पहिला ढीग डोळे मिटून उडवा. दुसरा मात्र बघून, त्यात नातवाच्या बारशाचा व्हिडिओ असतो. मग एक पायरी मागे 'स्टोरेज अँड डेटा' च्या पानावरून आपोआप डाउनलोड बंद करा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

आत्याने आधी स्वतःच गॅलरीतून तीनेक हजार फोटो काढून टाकले होते आणि "एक जीबी हलला नाही" म्हणून रागावली होती. बरोबर आहे, ते सगळे कचरापेटीत होते. बहुतेक गॅलऱ्या खोडलेले फोटो ३० दिवस सांभाळतात. गुगल फोटोजमध्ये बॅकअप झालेला फोटो तर ६० दिवस. कचरापेटी रिकामी केल्याशिवाय जागा सुटत नाही. मी ६४ जीबीच्या फोनमध्ये दहाएक जीबी मोकळे राहतील असं बघतो.

एक सावधगिरी. अ‍ॅपच्या माहितीत 'क्लिअर कॅशे' आणि 'क्लिअर डेटा' ही बटणं शेजारी शेजारी असतात. पहिलं निरुपद्रवी, ते फक्त अ‍ॅपने तात्पुरत्या साठवलेल्या फाइली पुसतं. दुसरं म्हणजे अ‍ॅप नुकतंच आणल्यासारखं कोरं. व्हॉट्सअ‍ॅपवर ते दाबलंत आणि बॅकअप नसेल तर गप्पा गेल्या. आणि रोज उठून सगळ्या अ‍ॅप्सची कॅशे साफ करणाऱ्यांनाही सांगतो, ती फोनने पुन्हा बनवायची असते. अपडेटनंतर एकदा करा, जे अ‍ॅप अडतंय त्याची करा, पुरे.

जागा मोकळी करूनही आत्याचा फोन मध्येच अडखळत होता. तेव्हा सेफ मोड. बंद करायचं बटण धरून ठेवलं की 'पॉवर ऑफ' असं चिन्ह येतं, ते बोटाने दाबून धरलं की बऱ्याच फोनमध्ये सेफ मोड विचारतो. यात फोन तुम्ही स्वतः टाकलेलं एकही अ‍ॅप चालू करत नाही. फोन इथे झर्रकन चालला तर दोष सिस्टिमचा नाही, तुमच्या एखाद्या अ‍ॅपचा. आत्याचा चालला. मग नेहमीच्या मोडमध्ये येऊन अ‍ॅप्सची यादी नव्याने टाकलेल्यांपासून बघत गेलो, आणि सापडलं: अपडेटच्या दुसऱ्या दिवशी टाकलेलं 'फोन फास्ट करा' छापाचं एक क्लीनर. यूट्यूबवर अभंग सुरू व्हायच्या आधी जाहिरात आली होती, 'तुमच्या फोनमध्ये १,२४७ निरुपयोगी फाइली'. तिने भाबडेपणाने दाबलं. त्याने अ‍ॅक्सेसिबिलिटीची (म्हणजे पडद्यावरचं वाचायची आणि तुमच्या वतीने बटणं दाबायची) परवानगी घेतलेली, इतर अ‍ॅप्सवर चढून दिसायची परवानगी घेतलेली, आणि तो दर थोड्या वेळाने बाकीची अ‍ॅप्स मारत बसलेला. फोनने ती पुन्हा चालू करायची, याने पुन्हा मारायची. असली अ‍ॅप्स कुणाच्याही फोनवर दिसली तर विचारू नका, काढून टाका. 'अनइन्स्टॉल' फिकट दिसत असेल तर आधी सेटिंग्जच्या शोधात 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' लिहा, तिथली त्याची खूण काढा, मग निघतं.

रॅमबद्दल, म्हणजे चालू अ‍ॅप्सना काम करायला लागणाऱ्या तात्पुरत्या जागेबद्दल, थोडंसं. नवी सिस्टिम आणि नवी अ‍ॅप्स जास्त रॅम मागतात, फोनमधली रॅम मात्र आहे तेवढीच. २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाइल परत करायचं आंदोलन केलं, त्यांच्या तक्रारींत २ जीबी रॅममध्ये कामाचं अ‍ॅप नीट चालत नाही ही एक होती. त्याला सेटिंग्जमध्ये इलाज नाही. पण 'रॅम प्लस', 'मेमरी एक्स्टेन्शन' अशा नावांनी जी वाढीव रॅम दाखवतात ती बंद करून बघण्यासारखी आहे. ती खरी रॅम नसते, स्टोरेजचाच तुकडा असतो. म्हणजे पुन्हा त्याच पाट्या. स्टोरेज संथ आणि भरलेलं असेल तर तिने उलटाच परिणाम होतो. बंद करा, फोन पुन्हा सुरू करा, दोन दिवस वापरून ठरवा.

अ‍ॅनिमेशनचा उपाय सगळेच सांगतात, मीही सांगतो, पण त्याची लायकी ओळखून. 'अबाउट फोन' मध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की 'डेव्हलपर ऑप्शन्स' उघडतात. तिथली तीन अ‍ॅनिमेशन स्केल १ वरून ०.५ करा. फोन वेगवान होत नाही, दार उघडायची नाटकं कमी होतात. वयस्कर माणसांना मात्र त्याने खरंच बरं वाटतं. त्या यादीतलं दुसरं काही छेडू नका.

बॅटरीचं प्रकरण आयफोनवाल्यांना चांगलं ठाऊक आहे. जानेवारी २०१७ मध्ये आलेल्या आयओएस १०.२.१ नंतर जुने आयफोन संथ झाल्याची ओरड झाली, आणि वर्षाअखेरीस अ‍ॅपलने कबूल केलं की झिजलेली बॅटरी एकदम जास्त वीज देऊ शकत नाही, फोन अचानक बंद पडतो, म्हणून प्रोसेसरचा वेग आवरला जातोय. माफी मागितली, अमेरिकेत बॅटरी बदलायचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणला, आणि मार्च २०१८ च्या आयओएस ११.३ मध्ये बॅटरीची तब्येत दाखवणारं पान दिलं. त्याच वर्षी इटलीच्या स्पर्धा नियामकाने अपडेटमुळे फोन संथ झाल्याबद्दल अ‍ॅपलला १ कोटी आणि सॅमसंगला ५० लाख युरोचा दंड केला. म्हणजे अपडेटवरचा संशय अगदीच वेडेपणा नव्हे. आज सेटिंग्जमध्ये 'बॅटरी', त्यात 'बॅटरी हेल्थ' बघा. कमाल क्षमता ८० टक्क्यांच्या खाली आली असेल तर बाकीचे प्रयोग सोडा, बॅटरी बदला. चार वर्षांचा फोन नवी बॅटरी घातल्यावर कसा पळतो ते बघून लोक दुकानदारालाच जादूगार समजतात.

टॅब्लेटची गोष्ट वेगळी नाही, फक्त करुण आहे. २०१२ चा गुगलचा नेक्सस ७ ज्यांनी वापरला त्यांना विचारा. १ जीबी रॅम, आणि काही महिन्यांत तो रांगायला लागायचा, कारण पुसलं तरी चालेल अशा पाट्या कोणत्या हे सिस्टिम मेमरीला सांगतच नव्हती. २०१३ च्या अँड्रॉइड ४.३ ने ती सोय आणली आणि टॅब्लेटला जीव आला. ही सफाईही सहसा चालते ती यंत्र मोकळं नि चार्जिंगला असताना, म्हणजे पुन्हा आत्याची दुपार. मग २०१४ च्या शेवटी त्याच टॅब्लेटवर अँड्रॉइड ५ आलं आणि पान उलटायलाही वेळ लागायला लागला. जाणकार मंडळी गुगलने ठेवलेली जुनी आवृत्ती संगणकावरून टाकून मागे गेली. आजच्या बहुतेक फोनवर असं मागे जाणं कंपन्या होऊ देत नाहीत, आणि जिथे होतं तिथे आतला सगळा डेटा पुसून. तेव्हा चार-पाच वर्षं जुन्या, कमी रॅमच्या टॅब्लेटवर मोठ्या आवृत्तीचं अपडेट आलं तर मी तरी महिनाभर थांबतो. सुरक्षेचे छोटे पॅच मात्र टाळू नका.

सॅमसंगवाल्यांसाठी रीसेटच्या अलीकडे आणखी एक पायरी आहे. फोन बंद करून, संगणकाला केबलने जोडून, आवाज वाढवायचं आणि पॉवरचं बटण एकत्र धरलं की रिकव्हरीचा, म्हणजे दुरुस्तीचा मेन्यू येतो. त्यात 'वाइप कॅशे पार्टिशन' आहे आणि खाली 'रिपेअर अ‍ॅप्स'. दुसऱ्याने सगळ्या अ‍ॅप्सची घडी नव्याने बसते, फोनचा डेटा जात नाही. पण 'वाइप कॅशे' च्या अगदी वरची ओळ 'वाइप डेटा' ची आहे, आणि इथे बोटाने नव्हे तर आवाजाच्या बटणांनी वर-खाली करायचं असतं. चष्मा लावून करा. इतर अनेक नव्या फोनमध्ये हा वेगळा कॅशे कप्पाच नसतो, तेव्हा मेन्यूत दिसला नाही तर शोधत बसू नका.

आणि रीसेट? करावा लागतो कधी कधी. पण तो अपडेटच्या दुसऱ्या दिवशी मारला तर सगळी अ‍ॅप्स पुन्हा उतरणार, पुन्हा भाषांतर, पुन्हा फोटोंची सूची, म्हणजे संथपणाचे तेच तीन दिवस पहिल्यापासून. मारायचाच तर आधी फोनवरच्या गुगल खात्याचा पासवर्ड खरोखर आठवतोय का ते दुसऱ्या फोनवर उघडून तपासा. २०१५ च्या अँड्रॉइड ५.१ पासून, तो नसेल तर रिकव्हरीतून रीसेट केलेला फोन कुलूपबंदच राहतो. यूपीआय अ‍ॅप्स नव्याने नोंदवावी लागतात, त्यासाठी बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये आणि एसएमएस जाण्याइतका बॅलन्स हवा. त्या तीनशे रुपयांत दुकानदार हे काहीच बघत नाही.

आत्याच्या फोनला रीसेट लागला नाही. एक चूक मात्र माझ्याकडून झाली. कीबोर्ड अडखळत होता म्हणून जीबोर्ड या गुगलच्या कीबोर्डची कॅशे साफ करायला गेलो आणि वर सांगितलेलं ते दुसरं बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तिचा बोलका निरोप आला, कारण लिहिता येत नव्हतं: "अरे, माझं मराठी कुठे गेलं?" तिने वर्षानुवर्षं शिकवलेले शब्दही गेले होते. कीबोर्डवरच्या दातेरी चाकातून 'लँग्वेजेस', 'अ‍ॅड कीबोर्ड', 'मराठी', असं फोनवर सांगत सांगत वीस मिनिटांत मराठी परत आणलं. मंडळातल्या सगळ्यांची नावं मात्र तिला त्या कीबोर्डला पुन्हा शिकवावी लागतायत.